गाड्यांची आत्या

आमच्या कॉलनीत नवी गाडी आली की आधी तिला हार घालतात, मग नारळ फुटतो, मग चाकाखाली लिंबू चिरडलं जातं. आणि मग खालच्या मजल्यावरचे बडगुजर नाना चष्मा सावरत येतात, गाडीचा उजवा आरसा दोन बोटांत धरतात आणि त्याला तोंड लावून म्हणतात, "कुर्रर्र!"

हो, कुर्रर्रच. बारशाला आत्या बाळाच्या कानात करते तेच. नानांच्या मते आरसे म्हणजे गाडीचे कान. उजव्या कानात कुर्र करायचं, हळूच नाव सांगायचं, मग ताठ उभं राहून ते नाव सगळ्यांना ऐकवायचं आणि विचारायचं, "अर्थ माहीत आहे का, अर्थ?" कुणालाच माहीत नसतो. मग नाना खुलतात. पाळण्याखालून बायका वरवंटा फिरवतात ना, तसा गाडीखालून पाना फिरवतात. एका बाजूने नाना देतात, दुसऱ्या बाजूने गाडीच्या मालकाने वाकून घ्यायचा. मालकाची कंबर धरलेली असली तरी सुटका नाही. आणि पेढ्यांवर भागवलेलं चालत नाही. बारसं आहे, घुगऱ्या पाहिजेत. जळगावात ज्या ज्या घरी गेल्या काही वर्षांत गाडी आली, त्या घरी आदल्या रात्री हरभरे भिजत पडलेले आहेत, एवढं मी खात्रीने सांगते.

माझी स्कूटी आली तेव्हा मी घाईत होते. माझं कोपऱ्यावर पार्लर आहे, आणि एक नवरी अर्ध्या मेकअपमध्ये खुर्चीत बसवून मी शोरूममधून गाडी आणायला गेले होते. दारात उतरते न उतरते तोच नाना हजर.

"थांब वर्षा, बारसं व्हायचंय."

"नाना, तिकडे नवरी बसलीय माझी!"

"नवरी कुठे पळून जातेय? बिननावाची गाडी रस्त्यावर नेऊ नये."

पळून नव्हती जात, पण तिचा एक डोळा काढायचा राहिला होता. काय करता? नानांनी आरसा धरला, कुर्र केलं आणि जाहीर केलं, "थंडरबर्ड!" अमेरिकेतल्या आदिवासींचा म्हणे एक पक्षी आहे, आभाळाएवढा. त्याने पंख झटकले की ढग गडगडतात. मला भारी वाटलं. पण थंडी पडली आणि थंडरबर्ड सकाळी सुरूच होईना. बटन दाबलं की नुसती घुरघुर. मी नानांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "गडगडाट लांबून येतोय. जरा धीर धर."

नावं सगळी अमेरिकन. तीही आजची नाहीत, नाना लहान असतानाच्या मोटारींची. लांबलचक, मागे पंख फुटलेल्या, आमच्या गल्लीत वळवायच्या तर दोघातिघांचे ओटे पाडावे लागतील अशा. नानांनी जन्मात मोटार घेतली नाही. चालवताही येत नाही. शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, एक सायकल आहे, तीसुद्धा बहुतेक वेळ हातात धरून चालवतात. पण कोणत्या गाडीला कोणतं नाव का पडलं, हे विचारून बघा. तुमच्या भाजीची पिशवी हातात दुखायला लागेल, नानांचं संपायचं नाही.

हे वेड आलं धुळ्याहून. आग्रा रोडवर नानांच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान होतं. मोठमोठ्या शेठ लोकांच्या मोटारी मुंबईहून इंदूरकडे जाताना तिथे हवा भरायला थांबत. नाना आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघं दुकानात पडलेली असायची. मोटारीच्या मागे चमकत्या अक्षरांत नाव असे. "अक्का नाव वाचायची, मी अर्थ आणायचो," नाना सांगतात. "कामाची वाटणी होती आमची." अर्थ आणायचो म्हणजे पळत शाळेत जायचं, मास्तरांच्या डिक्शनरीत शोधायचं आणि मोटार निघायच्या आत परत यायचं. कधीकधी मोटार निघून गेलेली असायची आणि नाना हातात अर्थ घेऊन रस्त्यात उभे राहायचे.

"पहिलं नाव इम्पाला," ते म्हणतात. "आफ्रिकेतलं हरीण. काय उडी मारतं! मी धापा टाकत आलो, अक्काला सांगितलं, आणि मग आम्हाला ती गाडी वेगळीच दिसायला लागली. कळलं का? अर्थ कळला की वस्तू वेगळी दिसते. बेअर्थी नाव म्हणजे बिनहवेचं टायर."

हे बिनहवेचं टायर दिवसातून चारदा तरी ऐकू येतं.

आता नाव विचार करून ठेवावं की नाही? पण नानांना फक्त अर्थ दिसतो, परिणाम दिसत नाही. शेजारच्या महाजन सरांच्या मोटरसायकलला त्यांनी 'मस्टँग' ठेवलं. मस्टँग म्हणजे मोकाट घोडा. एके काळी माणसाळलेला, पण दावं तोडून रानात गेलेला, कुणाचाच नसलेला. सर खूश. पंधरवडा नाही उलटला तोच गाडी दारातून चोरीला गेली. नंतर ती भुसावळच्या स्टेशनबाहेर सापडली, पेट्रोल संपलेली. सर तणतणत आले, "नाना, तुम्हीच मोकाट म्हणालात तिला!" नानांना काडीचा पश्चात्ताप नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. "नावाला जागली की नाही?"

आमचे चेअरमन चौधरीसाहेब. पाण्याचा वॉल्व त्यांच्या हातात. मनात आलं तर पहाटे सोडतील, मनात आलं तर भर दुपारी, आणि मनात नाहीच आलं तर बसा टँकरची वाट बघत. त्यांची नवी चारचाकी आली. नानांनी आरशात कुर्र केलं, "कॅप्रिस!" साहेबांना वाटलं काहीतरी राजेशाही असणार. सगळ्या नातेवाईकांना फोन करून कळवलं. अर्थ नानांनी त्या दिवशी मुद्दामच सांगितला नाही, अशी हीच एक वेळ. सांगितला चार दिवसांनी, तोही सोसायटीच्या मीटिंगमध्ये. "कॅप्रिस म्हणजे लहर. मनात येईल तसं वागणं." पाणी त्या आठवड्यात वेळेवर आलं.

पण सगळ्यांत कहर झाला केळीवाल्या युनूसभाईंच्या टेम्पोचा. युनूसभाई म्हणाले, "नाना, अपने को सोने का नाम होना." नानांनी डोळे मिटले आणि 'एल डोराडो' काढलं. अंगभर सोन्याची पूड फासून तळ्यात उतरणारा कुणी राजा. असा राजा आमच्या सराफ बाजारातून निघाला असता तर तळ्यापर्यंत पोचताना अंगावर काही राहिलं नसतं, ते जाऊ द्या. नाव ठरलं, घुगऱ्या झाल्या, युनूसभाईंनी फोनवरून पेंटरला सांगितलं आणि पेंटरने टेम्पोच्या कपाळावर झोकात लिहिलं: 'एल. डोराडे'.

त्याला वाटलं आडनाव आहे. बोराडे असतं, गोराडे असतं, तसे हे डोराडे.

एरंडोलच्या पुढे पोलिसांनी टेम्पो अडवला. "हे एल. डोराडे कोण? मालक का? त्यांचे कागद दाखवा." युनूसभाई हात जोडून म्हणाले, "साहब, वो तो राजा थे. गुजर गए." पोलिसालाही काय वाटलं कोण जाणे, त्याने टोपी सारखी केली आणि जाऊ दिलं. तेव्हापासून केळीच्या बाजारात त्यांना सगळे डोराडेशेठ म्हणतात. नाना मात्र चार दिवस जेवले नाहीत धड. "अर्थाचा मुडदा पाडला त्याने," म्हणत येरझारा घालत होते.

म्हणून युनूसभाईंच्या भावाने रिक्षा घेतली तेव्हा ते सावध होऊन आले. "नाना, वो नोवा वाला किस्सा सुनाया था ना आपने? वोच नाम दे दो. दो अक्षर है. पेंटर का बाप भी नहीं चुकेगा."

नोवाचा किस्सा आम्हाला सगळ्यांना पाठ. नोवा नावाची एक गाडी होती. लोक सांगतात की स्पॅनिश भाषेत 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून त्या देशांत ती कुणी घेतलीच नाही. हे सांगताना नाना लाल होतात. "थाप! साफ थाप आहे ही! विकली गेली, चांगली विकली गेली. नोवा म्हणजे नवा तारा. लोक अर्धवट ऐकतात आणि बोंबलत सुटतात."

तर रिक्षासाठी नोवा मागितल्यावर नाना खुलतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ते नाव गेलेलं आहे."

"किस को गया?"

नानांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि आत निघून गेले. रिक्षाला शेवटी 'कॉमेट', म्हणजे धूमकेतू, मिळालं. पेंटरने 'कमेंट' लिहिलं.

गावभर नानांचं नाव पडलं 'गाड्यांची आत्या'. हे आमच्या सासूबाईंनी ठेवलं. त्या पारोळ्याजवळच्या गावच्या, बोलणं सगळं अहिराणी, आणि नानांची त्यांची सदा जुंपलेली. खालच्या भाडेकरूच्या स्कूटरचं नाव नानांनी 'बेल एअर' ठेवलं, तर श्रावणात सोमवारी सासूबाई त्या स्कूटरवर बेलाचं पान वाहून आल्या. नाना जिन्यातून ओरडले, "अहो आजी, बेल एअर ही अमेरिकेतली श्रीमंतांची वस्ती आहे!"

"मंग? तठे महादेव नही का?" सासूबाई म्हणाल्या आणि दुसरं पान वाहिलं.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मला मुलगी झाली.

घरात आनंदीआनंद. पण बारशाचा प्रश्न आला. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. म्हणजे मुलीला आत्या नाही. सुरतेला एक चुलत नणंद आहे, ती माझ्या लग्नातल्या साडीवरून जी रुसली आहे ती अजून बोलत नाही. सासूबाई एक दिवस बाळाला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "आत्या काबर धुंडतस? बठ्ठ्या गाड्यासनी आत्या खाले बठेल शे. त्यालेच बलावा."

सगळ्या गाड्यांची आत्या खालीच बसलीय, हे त्या थट्टेने बोलल्या, पण माझ्या मनाने घेतलं. माणूस प्रेमळ, हौशी, आणि कुर्र करण्याचा एवढा अनुभव आख्ख्या जिल्ह्यात कुणाला नसेल. मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि खाली गेले.

नाना बाळाकडे बघून हसले. पण मी विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एकदम उतरला. मी घाबरलेच.

"माणसांची नावं मी ठेवत नाही, वर्षा."

"असं काय नाना? आख्ख्या कॉलनीची—"

"त्या गाड्या आहेत," ते म्हणाले आणि दाराची कडी चाचपायला लागले.

मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. टेम्पोला घुगऱ्या खातात आणि माझ्या पोरीला नाही? वर येऊन मी नवऱ्याला बडबड बडबडले. पण दोन दिवसांनी नाना स्वतःच जिना चढून वर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"धुळ्याला जाऊन येतो. अक्काला विचारावं लागेल. नाव ठेवायचा हक्क आत्याचा असतो. ती हो म्हणाली तर मी आहे." मग दारातच थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय ठरवलंय?"

"कियांशी."

"अर्थ?"

"देवाची देणगी. इंटरनेटवर आहे."

"कोणत्या भाषेत?"

मला कुठे माहीत? मी म्हटलं, असेल कोणत्यातरी.

"असेल कोणत्यातरी!" नाना भिंतीला धरून उभे राहिले. "अगं, लोखंडाच्या मोटारीला नाव देताना त्या लोकांनी आभाळ पालथं घातलं. हरणं शोधली, पाखरं शोधली. आणि तू हाडामांसाच्या पोरीला बिनहवेचं टायर लावून रस्त्यावर सोडणार?"

"नाना, पोरगी माझी आहे आणि नाव कियांशीच ठेवायचं," मी म्हटलं. माझाही स्वभाव काही कमी नाही. नाना पिशवी सावरत उतरून गेले.

बारशाच्या दिवशी सकाळच्या एसटीने ते अक्कांना घेऊन आले. अक्का म्हणजे मूठभर बाई, पण नजर अशी की चौधरीसाहेबांनी न सांगता पाणी सोडलं. आल्या आल्या त्यांनी दारातल्या गाड्यांवरून नजर फिरवली. "ह्या बठ्ठ्या तुन्ह्याच भाच्या का रे, मधू?" नाना लाजले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

घर बायकांनी भरून गेलं. पाळणा सजला, वरवंटा फिरला. नाना पाळण्याशी आले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, युनूसभाई दाराबाहेरून मान लांब करून बघत होते. मी शेवटचं कानात सांगितलं, "कियांशी हं, नाना." त्यांनी मान हलवली.

ते वाकले. "कुर्रर्र," म्हणाले. आणि थांबले. बाळाने त्यांचं बोट धरलं होतं. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. बायका हसायच्या थांबल्या. मग नानांच्या तोंडून अगदी हळू शब्द आला.

"नोवा."

पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला सासूबाई होत्या. त्यांनी ऐकलं ते वेगळंच. आमच्याकडे बाईमाणसाला 'वं' म्हणून बोलतात. का वं, ये वं, नको वं. त्या ताडकन उठल्या.

"काय म्हनना? नको वं? मन्ह्या नातले 'नको वं' म्हनना तू?"

"नाही हो आजी, नोवा—"

"मी आयकं ना, कानवरी आयकं! नको वं!" त्यांचा आवाज फाटला. "मन्हं नाव मन्ह्या बापनी नकुशी ठेयेल व्हतं. चौथी पोर म्हनीसन. लगन व्हयेपावत बठ्ठं गाव माले नको नको म्हनीसनच हाका मारे. मन्ह्या नातना कानमा तो शबद पडू देवाव नही मी!"

सासूबाईंचं नाव लक्ष्मीबाई. मी सून म्हणून आले तेव्हापासून लक्ष्मीबाईच. मला हे माहीतच नव्हतं. नवऱ्याकडे बघितलं, त्यालाही नव्हतं. माझा मात्र पारा नानांवरच चढला. एवढं बजावून सांगितलेलं! मी म्हटलं, "नाना, ही काय स्कूटी आहे का, मनाला येईल ते नाव द्यायला?"

नाना मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

मग अक्का उठल्या. त्यांनी आधी सासूबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं, स्वतः शेजारी बसल्या.

"बाई, तो नको म्हनना नही. नोवा म्हनना. मोटारनं नाव शे ते. नवा तारा. आभाळमा एकदम झळकस, थोडा दिवस दिखस, मंग दिखत नही." त्यांनी भिंतीला टेकलेल्या नानांकडे बोट केलं. "त्याले पोर व्हयनी व्हती. बारसाना पहिलेच गयी. नाव ठेवानं राही गयं. मंग ह्यानी आपला मनमा हाक मारासाठे ते मोटारनं नाव ठेवं. आज तोंडमातून निंघी गयं."

नानांना मूल झालं होतं, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. नानांच्या पत्नी मी यायच्या आधीच वारलेल्या. आम्ही समजत होतो, दोघंच होती. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने कॉलनीतली एकही गाडी बिननावाची रस्त्यावर जाऊ दिली नाही, आणि आम्ही हरभरे खाऊन हसत होतो. मला रडू आलं. युनूसभाईंनी दाराबाहेर रुमाल काढला.

सासूबाई कितीतरी वेळ नानांकडे बघत होत्या. मग पदराने नाक पुसून त्या आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "नवा तारा ना? मंग मानूसनागत तारा म्हन ना सरळ! मोटारनी बोली कसाले?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कियांशी माझ्या ओठावर आलं आणि तिथेच विरघळलं. मी म्हटलं, "तारा. तारा छान आहे."

"मधू, वाक," अक्का म्हणाल्या.

नाना पुन्हा वाकले. कुर्रर्र झालं, आणि या वेळी नाव सगळ्या घराला ऐकू गेलं. ते ताठ उभे राहिले. सवयीने तोंड उघडलं, "अर्थ माहीत आहे का—" आणि सासूबाई खेकसल्या, "माहीत शे! घुगऱ्या खाय!"

दुपारी पाहुणे पांगले. मी आतल्या खोलीत ताराला घेऊन पडले होते. दार लोटलेलं होतं, पण बंद नव्हतं. बाहेर पाळण्याशी नाना आणि अक्का दोघंच बसले होते.

"अक्का," नाना म्हणाले, "तू तेव्हा माझ्या पोरीसाठी धुळ्याहून नाव घेऊन निघाली होतीस ना?"

"हा."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारं नही. आत्यानी नाव पोरना कानमा सांगनं ऱ्हास, मधू. मी पोचनू तवय सांगाले कानच नही ऱ्हायना. कोनले सांगतू?"

मग नाना म्हणाले, "मला सांग."

"कान आठे कर."

नानांनी मान वाकवली. पांढरं डोकं, कानावरून चष्म्याची काडी बाजूला केलेली. अक्कांनी त्यांचा कान दोन बोटांत धरला, अगदी नाना आरसा धरतात तसा. आधी कुर्रर्र केलं. मग काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, आणि मी नंतरही कधी विचारलं नाही.

नाना तसेच वाकलेले राहिले. मी वाट बघत होते, आता विचारतील, अर्थ काय म्हणून. त्यांनी अर्थ विचारला नाही.

"हाक मारायला सोपं आहे," ते म्हणाले.

"म्हनीसनच तं ठेयेल व्हतं, भाऊ," अक्का म्हणाल्या.